एक मीटर वीस

१

राष्ट्रीय सणाच्या आठवडाभराच्या सुट्टीत मुलाला घरी बसवणारी आई वाईट, असं युनशियाला कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं. पण वर्गाच्या पालकगटात रोज कुणाचं ना कुणाचं पोर कुठल्या तरी पुरातन भिंतीपुढे दोन बोटं उंचावून उभं असायचं, आणि बाईंनी गृहपाठही तसाच दिला होता : आपला इतिहास आपल्या डोळ्यांनी पाहा, पाच स्थळांवर पाच-पाच ओळी लिहा. मग तिने शान्शी प्रांताची सहा दिवसांची सहल घेऊन टाकली. ती, सात वर्षांची मियनमियन आणि सासूबाई. नवऱ्याला, पेइलिनला, रजा मिळाली नाही.

युनशियाची नोकरी म्हणजे औषधांच्या खोक्यात घडी करून घालतात त्या कागदांवरच्या चुका काढणं. दुष्परिणामांच्या याद्या पाठ झालेल्या बाईला झोप जरा कमीच लागते. बसमध्ये तिने दोनदा पोरीचा पट्टा तपासला, तीनदा कपाळाला हात लावला, आणि चौथ्यांदा लावताना सासूबाई म्हणाल्या, "तिचं कपाळ झिजेल अशानं."

पहिलं स्थळ तटबंदीतलं जुनं गाव. वेशीपाशी ही झुंबड. गाईड पोरगी, शाओलुओ, पिवळं निशाण हलवत ओरडत होती, "एक मीटर वीसच्या खालची मुलं फुकट! वरच्यांनी अर्धं तिकीट काढा! उंची तिकडे, खांबापाशी!"

मियनमियन एकशे बावीस सेंटिमीटर होती. शाळेनेच सप्टेंबरात मोजली होती.

"वाकव की जरा," सासूबाई कोपराने ढोसत म्हणाल्या. "सगळेच वाकवतात. मी तर पेइलिनला बारा वर्षांचा होईस्तोवर वाकवून नेला."

पुढचीसुद्धा वाकवत होती, मागचीसुद्धा. युनशियाला लाज वाटली, पण ती खोटेपणाची नव्हती. सासूबाईंपुढे उधळी दिसण्याची होती. ती पोरीच्या कानाशी लागली. "मियनमियन, थोडी लहान हो."

"किती?"

"थोडी गं. गुडघे वाकव. कोटाच्या आत कुणाला दिसत नाही."

खांब लाकडी होता, हाताच्या घामाने काळा झालेला. त्याच्याशेजारी स्टुलावर एक म्हातारा. त्याने आकड्याकडे पाहिलंही नाही. उठला, तळहात सपाट करून मियनमियनच्या डोक्यावर ठेवला, आणि ठेवलेलाच राहू दिला. मागची माणसं चुळबुळू लागली तेव्हा कुठे उचलला.

"मापात बसली," तो म्हणाला. मग युनशियाकडे पाहून हसला. "गुणाची पोर. सांगितलं की ऐकते."

पकडलं आणि सोडून दिलं, असं युनशियाला वाटलं. वेशीच्या बोगद्यातून जाताना तिचे कान तापले होते.

"आजोबांचा हात जड होता," मियनमियन म्हणाली.

२

इतिहास शिकवायला आणायचं आणि पहिला धडा खोटेपणाचा द्यायचा, हे रात्रभर तिला टोचत राहिलं. म्हणून दुसऱ्या दिवशी, सावकाराच्या त्या प्रचंड घराच्या फाटकाशी, तिने अर्ध्या तिकिटाचे पैसे आधीच मुठीत धरले आणि पोरीला उंची मोजायला भिंतीवर रंगवलेल्या जिराफापुढे ताठ उभं केलं.

डोकं एक-वीसच्या रेषेच्या चार बोटं खाली आलं.

"वाकू नकोस. आज नाही वाकायचं."

"मी नाही वाकले." मियनमियनने कोट वर उचलून गुडघे दाखवले. सरळ, काठीसारखे.

फाटकावरच्या बाईने हात हलवला. फुकट, चला पुढे.

"बघ," सासूबाई खूश झाल्या, "आणि तू उगाच पाकीट काढून बसलीस."

फरशी उतरती असेल, युनशियाने ठरवलं. जिराफ रंगवणाऱ्याने कुठे पट्टी धरली असेल? शिवाय प्रवासात माणूस दिवसभर चालतं, मणके दबतात, संध्याकाळी माणूस सकाळपेक्षा सेंटिमीटरभर कमी भरतं. हे तिने स्वतः वाचलं होतं. पण सकाळचे नऊ वाजले होते.

त्या घरात एकामागे एक अंगणं होती आणि प्रत्येक दाराला उंच लाकडी उंबरठा. काल गावातल्या वाड्यांचे उंबरठे मियनमियनने उड्या मारत ओलांडले होते. आज चौथ्या दाराशी तिचा पाय अडकला. बूट उंबरठ्याच्या अलीकडे राहिला आणि पोरगी पलीकडे गेली.

"मोठेच घेतलेत बूट," सासूबाई म्हणाल्या. "वाढत्या अंगाचे. कोटही वाढत्या अंगाचाच आहे. पोर वाढेल तेव्हा बसेल."

हे अगदी खरं होतं. दर वर्षी त्या दोन मापं मोठं घ्यायच्या. युनशियाने बुटाच्या टोकात कागदी रुमाल कोंबला आणि तिला इतकं हायसं वाटलं की ती स्वतःवरच हसली. औषधाचे कागद वाचून वाचून माणसाला प्रत्येक गोष्टीत दुष्परिणाम दिसतो.

शेवटच्या अंगणात पोचेपर्यंत तिने मियनमियनला तीन उंबरठ्यांवरून उचलून पलीकडे ठेवलं होतं.

३

तिसऱ्या दिवशी बसमध्ये मियनमियनचे पाय लोंबकळत होते. टाचा सीटच्या कडेवर आपटत होत्या, टप्, टप्. दोन दिवसांपूर्वी हे पाय खाली टेकत होते की नव्हते? युनशियाने डोकं खाजवलं. स्वतःला आई म्हणवते आणि आपल्या पोरीचे पाय कुठवर पोचतात हे सांगता येत नाही.

पुढच्या सीटवरच्या हौ मावशी वळून बसल्या. निवृत्त, बडबड्या, खिसाभर भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया. पहिल्या दिवशी त्यांनीच विचारलं होतं, दुसरीत ना गं तू?

"घे बिया. बालवाडीत जातेस का, छकुली?"

"मावशी," युनशिया म्हणाली, "ती दुसरीत आहे. परवा तुम्हीच म्हणालात."

"मी?" हौ मावशींनी मियनमियनला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "दुसरीत कशी असेल एवढीशी? थट्टा करतेस म्हातारीची."

डोंगराच्या पायथ्याशी मातीच्या मूर्तींचं देऊळ होतं. युनशिया खांबाकडे, पट्टीकडे, जिराफाकडे कुठेच गेली नाही. सरळ तिकिटाच्या खिडकीशी गेली. "एक अर्धं द्या. मुलगी एकशे बावीस आहे."

काचेआडच्या मुलीने मान लांब करून पाहिलं. "ताई, ही एक दहासुद्धा नाही. फुकट आहे. पुढचे या."

"मला तिकीट हवंय."

"कशाला?"

"ती एकशे बावीस आहे म्हणून."

रांगेत हसू फुटलं. एक माणूस म्हणाला, "अहो, बाकीच्या आया पोरांना दाबतात, ही ताणतेय!" कुणी म्हणालं, "पैसे जास्त झाले असतील तर आमचं काढा." खिडकीतली मुलगी वैतागली. "इथे खोटं तिकीट देता येत नाही, ताई. उंची नाही तर नाही."

युनशियाने मोठ्या माणसाचं, पूर्ण तिकीट काढलं आणि मियनमियनच्या मुठीत दिलं. फाटकावरच्या गणवेषातल्या माणसाने ते अलगद काढून युनशियाच्या हातात परत ठेवलं. प्रेमाने, जसं आपण पोराने उचललेली मोठ्या माणसाची वस्तू काढून घेतो तसं.

देवळात शाओलुओ कर्ण्यातून सांगत होती, या बेचाळीस दासी, प्रत्येकीचा चेहरा वेगळा. युनशियाने एकही चेहरा पाहिला नाही. ती आपल्या पँटच्या शिवणीवर बोट ठेवून उभी होती. पोरीचं डोकं जिथे येत होतं, तिथे ते बोट होतं. बाहेर पडताना पुन्हा ठेवून पाहिलं. मग नाही पाहिलं.

४

त्या संध्याकाळी पेइलिनचा व्हिडिओ फोन आला. पडद्यावर मियनमियनचा चेहरा मावला, नेहमीसारखा, गोल, पुढचा एक दात पडलेला.

"अरे वा, मोठी झाली की माझी पोरगी!" पेइलिन म्हणाला.

"पूर्ण बघ तिला," युनशियाने फोन मागे नेला. "पूर्ण."

"पलंगावर बसलीय ना?"

"उभी आहे."

"मग फोन तिरका आहे. युनशिया, तू झोपतेस का नीट? गोळी घेतेस?"

तिने फोन ठेवला. सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मांडीवर मियनमियनची निळी विजार. त्या विजारीच्या पायांना दुमड घालून टाके घालत होत्या. युनशियाने विजार ओढून घेतली. दुमडीच्या आत दुमड होती. तिच्या आत आणखी एक. तीन दिवसांच्या तीन दुमडी, बारीक, सुबक टाक्यांच्या.

"तुम्हाला दिसतंय," युनशिया म्हणाली. "पहिल्या दिवसापासून दिसतंय."

"मला पोर अडखळताना दिसते. अडखळली तर तोंडावर पडेल." सासूबाईंनी विजार परत घेतली. "प्रवासात पोरं सुकतात. घरी गेली, चार दिवस अंडी घातली, की भरून येईल."

सुईत दोरा ओवायला त्यांना फार वेळ लागला.

५

चौथ्या दिवशी दुपारी, सकाळचं स्थळ बघून जेवायला थांबले त्या गावात, युनशियाने शेजारच्या कापडी बुटांच्या दुकानातून मापाची टेप मागून आणली. नूडल्सच्या हॉटेलच्या मागच्या खोलीत, व्हिनेगरच्या रांजणांच्या आंबट वासात, तिने पोरीला भिंतीशी उभं केलं. टेप कापडी होती, ताणली जात असणार. म्हणून तिने तीनदा मोजलं.

अठ्ठ्याण्णव.

अठ्ठ्याण्णव.

सत्त्याण्णव.

मियनमियन शांत उभी होती. हातात गृहपाठाची वही, अंगाच्या मानाने मोठी, छातीशी दोन्ही हातांनी धरलेली. चारही स्थळांवर तिने पाच-पाच ओळी लिहिल्या होत्या, नेटक्या अक्षरात, एकही चूक नाही. हेच युनशियाला जास्त भयंकर वाटलं. पोरगी लहान होत नव्हती. ती होती तेवढीच शहाणी, तेवढ्याच सात वर्षांची होती. फक्त कमी होत होती.

"बाळा, तू करतेस हे?"

"आधी करत होते. गुडघ्यांनी. आता आपोआप होतं."

"थांबव."

"थांबत नाही." आपलं काही चुकलं की काय, अशा नजरेने मियनमियनने आईकडे पाहिलं. "तू सांगितलं होतंस ना."

"मग आता सांगते, नको होऊस. ऐकतेस ना माझं? नको."

मियनमियनने डोळे मिटले, मुठी आवळल्या, श्वास कोंडला. लाल झाली. युनशियाने टेप पुन्हा लावली.

"इथे सांगून होत नाही, आई," ती शेवटी म्हणाली. "तू तिथे सांगितलं होतंस."

तालुक्याच्या दवाखान्यात सुट्टीमुळे एकच तरुण डॉक्टर होता. त्याने घसा पाहिला, पोट दाबलं, वजन केलं. "उंचीला वजन अगदी बरोबर आहे. वय?"

"सात."

त्याचं पेन थांबलं. त्याने मियनमियनकडे नाही, युनशियाकडे निरखून पाहिलं. "घरचं कोणी सोबत आहे का तुमच्या?"

"मी आहे," दारातून सासूबाई म्हणाल्या. "मी सासू तिची. पोर सात वर्षांची आहे. लिहा तुम्ही, सात."

त्याने सात लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. उंचीच्या रकान्यात एक्क्याण्णव.

६

पाचव्या दिवशी सकाळी बस पुढच्या स्थळाकडे गेली आणि त्या तिघी उलट्या दिशेने टॅक्सीत बसल्या. शाओलुओने कागदावर सही घेतली : सहल स्वखुशीने सोडत आहे.

साडेतीन तासांचा रस्ता, कोळशाच्या ट्रकांच्या रांगा, काचेवर काळी भुकटी. युनशियाने पोरीला मांडीवर घेतलं होतं, कोटात गुंडाळून. खाली उतरवायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. पाय जमिनीला लागले नाहीत तर मोजमाप होणार नाही, असलं काहीतरी तिच्या डोक्यात होतं. तिला माहीत होतं की याला काही अर्थ नाही. अर्थ असलेल्या गोष्टी करून संपल्या होत्या.

पहिल्या तासात तिच्या मांड्यांना मुंग्या आल्या. दुसऱ्या तासात मुंग्या गेल्या. मांडीवरचं ओझं सहन व्हायला लागलं आणि तिला रडू फुटलं.

"रडू नको," सासूबाई म्हणाल्या. टोमणा येणार म्हणून युनशिया थांबली. तो आला नाही. "मीच म्हणाले वाकव म्हणून. माझ्यावर घाल."

"मी कानात सांगितलं. मी."

"आई," कोटाच्या आतून आवाज आला, पूर्वीचाच, खणखणीत, "पाचव्या स्थळाचं काय लिहू? आपण बघितलंच नाही."

टॅक्सीवाल्याने आरशातून पाहिलं. "तान्हं फार स्पष्ट बोलतं हो तुमचं," तो म्हणाला, आणि त्यानंतर वेशीपर्यंत त्याने आरशात पाहिलं नाही.

७

वेशीपाशी तीच झुंबड. ऊन डोक्यावर. म्हातारा स्टुलावर बसून एनॅमलच्या वाडग्यातून जाड नूडल्स सुर्रकन ओढत होता. युनशिया रांग मोडून पुढे घुसली.

"ए बाई, आम्ही काय इथे हवा खायला उभे आहोत?"

"तान्हं आहे तिच्याकडे, जाऊ दे."

"तान्हं असलं की काय रांग माफ होते?"

ती म्हाताऱ्यापुढे उभी राहिली. बोलण्याची तिने टॅक्सीत शंभरदा तयारी केली होती. "चार दिवसांपूर्वी मी खोटं बोलले. ही एकशे बावीस आहे. मी तिला वाकवली."

म्हाताऱ्याने घास गिळला. "खोटं कुठं? तुम्ही सांगितलं, ती झाली. मी नुसता हात ठेवतो."

"मग परत ठेवा."

"ठेवतो की." त्याने वाडगा खाली ठेवला, मांडीला हात पुसला. आवाजात राग नव्हता, घाई नव्हती. रोजचं काम होतं. "पण सांगायचं तुम्हीच. तिला तुमचंच ऐकू येतं."

खांबाशी टेकवायचं म्हणजे खाली उतरवायचं. युनशियाचे हात सुटेनात. सासूबाईंनी एकेक बोट सोडवलं. मियनमियन जमिनीवर उभी राहिली, तिचं डोकं आईच्या गुडघ्याला लागलं, आणि तिने आपणहून पाठ खांबाला टेकवली. खांबामागच्या भिंतीचा चुना डोक्यांच्या तेलाने गुळगुळीत, तपकिरी झाला होता. कमरेच्या उंचीवर जास्त. खाली आणखीही पट्टे होते, मांडीशी, पोटरीशी. अगदी खालचा घोट्याजवळ होता, तळहाताएवढा, चकचकीत.

युनशियाने तोंड फिरवलं. तिला पाहवेना. रांगेकडे तोंड करून, एक हात मागे खाली सोडून, बोटं त्या चिमुकल्या बोटांभोवती घट्ट धरून ती म्हणाली, "मोठी हो."

मागे स्टूल सरकल्याचा आवाज. म्हाताऱ्याचा तळहात ठेवला गेला असावा.

"मोठी हो, बाळा. होतीस तशी हो. आणखी हो. अगं, लहान हो म्हटलं तेव्हा ऐकलंस, आता ऐक ना! मोठी हो, मला दुसरं काही नको, मोठी हो, हो, हो—"

टाके तुटले. पट्, पट्, पट्. एक दुमड सुटली, दुसरी, तिसरी. तिच्या हातातली बोटं भरू लागली. मऊ तळवा, मग शाईचा डाग पडलेलं तिचं नेहमीचं बोट, मग ओळखीचा, अगदी मापाचा हात, युनशियाच्या कमरेशी, जिथे तो असायचा तिथे. ती हसायला लागली. हसता हसता तिला बोलता येईना, श्वास येईना. आयुष्यात एवढा आनंद तिला झाला नव्हता.

हात कमरेशी थांबला नाही.

तिचं कोपर दुमडलं, मग खांदा वर ओढला गेला. समोर सासूबाई उभ्या होत्या. त्यांची नजर आधी युनशियाच्या पोटावर होती, मग गळ्यावर, मग कपाळावर, मग तिच्या डोक्याच्या वर. त्यांची हनुवटी वर होत गेली, तोंड उघडं पडलं. त्यांच्या मागे सगळ्या रांगेच्या माना एकामागून एक वर झाल्या. भर दुपारी, म्हाताऱ्याच्या वाडग्यावर, रांगेवर, पार चौकाच्या पलीकडच्या दुकानांच्या पाट्यांवर सावली पडली.

"पुरे!" युनशिया ओरडली. "मियनमियन, पुरे! बास!"

"काय म्हणालीस, आई?" आवाज तटाच्या कठड्यावरून यावा तसा आला, लांबचा, वाऱ्यात विरणारा. आणि अजूनही गुणाचा, ऐकायला उत्सुक. "मोठ्याने बोल ना. ऐकू नाही येत."

युनशियाच्या टाचा उचलल्या गेल्या. मग अंगठेही. तिने मान वर केली नाही. तिने दुसरा हातही त्या बोटाभोवती घातला, आता ते एकच बोट तिच्या दोन्ही हातांत मावत नव्हतं, आणि तिने ते सोडलं नाही.